मैनेचं माप

माझे सासरे पाच वर्षं माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि तरी त्या घरात माझी काळजी त्यांच्याइतकी कुणी केली नाही. हे सांगितलं की हल्लीच्या मुली हसतात. हसोत बापड्या. जुन्या इंदुरातल्या आमच्या मराठ्यांच्या घरांत सासऱ्यानं सुनेशी बोलायची रीतच नव्हती. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर, आणि मामंजी ओसरीवरून आत येताना दिसले की आपण चटकन दाराआड व्हायचं. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असे. ‘आज भाजीत मीठ नाही, म्हणावं,’ असं ते म्हणत. आत्याबाई वळून तेच वाक्य मला सांगत, माझं उत्तर ऐकत आणि पुन्हा वळून ते त्यांना सांगत. आत्याबाई घरात नसल्या तर मामंजी भिंतीला सांगत. भिंत वळून सांगत नसे, पण माझं काम भागे.

मामंजींचं नाव दौलतराव. होळकरांच्या पागेत त्यांनी चौतीस वर्षं घोडी सांभाळली आणि रिसालदार होऊन घरी बसले. घरी बसले म्हणजे बसवले गेले. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य झालं, पुढं पागाही मोडली. एवढा उंच, ताठ माणूस, पण सकाळी उठून करायचं काय हे त्याला कळेना. ते ओसरीवर बसत, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवत आणि रस्त्यानं जाणाऱ्या टांग्यांच्या घोड्यांकडे बघून मान हलवत. ‘खरारा नाही, काही नाही. बेवारस,’ एवढंच कधीतरी म्हणत.

माझं लग्न झालं सत्तेचाळीस साली. जयसिंगराव, म्हणजे माझे यजमान, सेक्रेटरिएटमध्ये कारकून होते. घोड्यावर बसायची त्यांना भीती वाटे आणि मामंजींना त्याची लाज वाटे. पण माणूस गोड होता. चार वर्षांत मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्यांदा पाचव्यात. दुसऱ्या वेळी मला हालचाल कळायला लागली होती. त्यावर मी जास्त काही लिहीत नाही. मला मूल हवं होतं, एवढं सांगते. इतकं हवं होतं की शेजारच्या घरात मूल रडलं की माझे हात आपोआप पुढं होत आणि मग मी ते पदराला पुसत असे.

दसरा झाला आणि जयसिंगरावांनी मला लेडी डॉक्टरकडे नेलं. सुलोचनाबाई त्यांचं नाव. बोलणं सरळसोट. माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, बोटाला टोचून रक्त घेतलं, वजनाच्या काट्यावर उभं केलं. शहाऐंशी पौंड. रक्त शंभरात बावन्न. मी रोज काय खाते ते त्यांनी विचारलं. सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं ते, असं मी सांगितलं. उपास किती, ते विचारलं. सोमवार, शुक्रवार, चतुर्थी, दोन्ही एकादशा. चहा किती, ते विचारलं. सहा कप. बाईंनी लेखणी खाली ठेवली.

“कुमुदिनी, बीज टाकण्याआधी जमीन तयार करतात की नाही? तू रिकाम्या अंगानं दोन मुलं वाढवायला निघाली होतीस. आता सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. आधी शरीर तयार कर. तिसऱ्यांदा असंच झालं तर मूल तर नाहीच, तूही राहणार नाहीस.”

मग त्यांनी कागद लिहून दिला. दूध, हिरव्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, गूळ, आवळा, आठवड्यातून एकदा कलेजी. लोहाच्या गोळ्या. उपास बंद, चहा बंद. सकाळी चालणं, दुपारी एक तास आडवं होणं, रात्री वेळेवर झोप. डोक्यावरून पाणी वाहायचं नाही. सहा महिन्यांची अट मात्र आम्हाला मुद्दाम पाळावी लागली नाही. ती सोय सरकारनंच केलेली होती. मध्यभारताला राजधान्या दोन, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. दिवाळी झाली की अख्खं सेक्रेटरिएट पेट्यांत भरून गाडीनं ग्वाल्हेरला जायचं, कारकुनांसकट. तिथं कारकुनांना बायका न्यायला जागा नसे. चार-चार जण एका खोलीत राहत आणि चैत्रात परत येत.

जायच्या आदल्या दिवशी जयसिंगरावांनी तो कागद आई-वडिलांसमोर वाचून दाखवला. मी दाराआड उभी होते, लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. आत्याबाईंचा चेहरा ‘आडवं होणं’ या शब्दाशीच बदलला. दुपारी झोपणारी सून त्यांनी ऐकली नव्हती. दूध पिऊन हिला काय अखाड्यात उतरायचंय, असं त्यांनी विचारलं. त्यांनी पाच मुलं जन्माला घातली होती, तीही काम करता करता. त्यातली तीन गेली, हे त्या सांगत नसत. मामंजी भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी हात पुढं केला, कागद घेतला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा नवरा ग्वाल्हेरला गेला. टांगा वळेपर्यंत मी खिडकीत होते. त्यानंतरच्या पहाटे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काठीचे दोन ठोके पडले. मी दचकून बघितलं. कुणी नव्हतं. उंबऱ्यावर एक छोटं पितळी माप ठेवलेलं होतं. त्यात भिजून टपोरे झालेले हरभरे, गुळाचा खडा आणि पाच बदाम. ओसरीकडे जाणारी मामंजींची पाठ तेवढी दिसली.

तिथून पुढं आमच्या घराची घडीच बदलली. रोज सकाळी दोन ठोके, रोज ते माप. हरभरे मामंजी स्वतः भिजत घालत आणि स्वतः धूत. मग फिरणं. ते पुढं, मी वीस पावलं मागं, आणि माझ्यासोबत कुरकुरत आत्याबाई. हाथीपाला नावाच्या वस्तीपर्यंत जायचं, नदीकाठानं परत यायचं. मामंजी कधी वळून बघत नसत, पण माझा दम लागला की त्यांचं पाऊल आपोआप हळू होई. नुसत्या आवाजावरून त्यांना ते कसं कळे, याचं मला नवल वाटे. पाणी भरायला त्यांनी बाई लावली. मेथी, पालक, चंदनबटवा, जे ताजं असेल ते स्वतः मंडईतून निवडून आणत. जुड्या उलट्या करून देठ हुंगताना त्यांना मी स्वतः बघितलं आहे. माझा चहा बंद झाला, तेव्हा तीन दिवस माझं डोकं फुटायची वेळ आली. आत्याबाईंना माझी दया येऊन त्या चोरून अर्धा कप देऊ लागल्या. चौथ्या दिवशी चहाची पूड मामंजींच्या ट्रंकेत कुलूपबंद झाली आणि आत्याबाईंचाही चहा गेला. त्या आठवडाभर दोघांशीही बोलल्या नाहीत, त्यामुळे त्या आठवड्यात सगळा कारभार भिंतीवर चालला.

खरं भांडण जेवणावरून झालं. आमच्यात बाईनं शेवटी जेवायचं, तेही नवऱ्याच्या ताटात. नवरा ग्वाल्हेरला, मग मी त्याचं ताट मांडून त्यावर घास ठेवून जेवत असे, आणि जेवत कसली, दोन घास पोटात ढकलत असे. मामंजींनी एक दिवस ते बघितलं. आत्याबाईंना म्हणाले, “उद्यापासून त्यांचं पान पहिलं. त्या उठल्या की मग मी बसेन.” आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. सासऱ्याच्या आधी सून जेवते हे बाहेर कळलं तर लोक तोंडात शेण घालतील, असं त्या म्हणाल्या. मामंजी म्हणाले, पागेत असंच असतं. काय असतं, ते सांगितलं नाही. मी पण विचारू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा त्या घरात गरम पोळी खाल्ली आणि खाताना मला रडू आलं.

रविवारी मामंजी अंगणात शेगडी पेटवून कलेजी करत. मटण आमच्याकडे पुरुषच करत आणि पुरुषच खात. आमच्या वाट्याला रस्सा. आता कलेजीची वाटी आधी उंबऱ्यावर येई आणि मामंजी रस्सा खात. मला ती आवडत नसे. नाक धरून गिळत असे. कागदावर लिहिलं होतं, नवऱ्याला शब्द दिला होता, आणि मला मूल हवं होतं.

तिकडून दर गुरुवारी पत्र येई. जयसिंगराव लिहीत की मीही तुझ्याबरोबर नियम पाळतो, सकाळी सहाला दूध घेतो, तू हरभरे खात असशील तेव्हा मीही खातो. तंबाखू सोडली. हे वाचून मला हुरूप येई. दुपारचा तो एक तास डॉक्टरीणबाईंनी अंगाला आराम म्हणून दिला होता. मी आडवी होऊन तेवढा वेळ पत्रच वाचत असे, कधी कधी तेच पत्र चार-चारदा. सकाळी माप हातात घेतलं की मी घड्याळ बघे. सहा. आत्ता तेही खात असतील. चारशे मैलांवर दोघं एकच घास चावतोय, असं काहीतरी मनात येई आणि तो हरभरा गोड लागे.

पौषात माझ्या बांगड्या अडायला लागल्या. आधी कोपरापर्यंत चढत, त्या आता मनगटावर नीट बसू लागल्या. चोळ्यांच्या शिवणी उसवून बोट-बोट सैल कराव्या लागल्या. गालांवर रंग आला. आत्याबाईसुद्धा एकदा माझी वेणी घालताना म्हणाल्या, केस दाट झाले गं. मला फार वाटे की हे कुणीतरी बघावं. कुणीतरी म्हणजे एकच माणूस, आणि तो ग्वाल्हेरला फायली बांधत बसला होता. मी आरशासमोर उभी राही आणि मलाच माझी कीव येई. एवढं कमावलेलं अंग, त्याला कौतुकाचा एक हात लागायचा नाही, असे दिवसामागून दिवस जात होते.

संक्रांतीला मारुती आला. हा पागेतला जुना मोतद्दार, मामंजींच्या हाताखाली घोड्यांची सेवा केलेला. पागा मोडल्यावर तो मानपुरात आग्रा-मुंबई रस्त्यावर चहाची टपरी घालून बसला होता. मामंजींना तिळगूळ द्यायला मुद्दाम आला. मी आतून त्याच्यासाठी लाडू पाठवले, ते नेमके त्याच पितळी मापात. माप रिकामं होतं, हाताला लागलं, बस. मारुतीनं ते हातात घेतलं, फिरवलं आणि काठावरच्या चेपलेल्या जागेवर बोट ठेवलं.

“अरे बाप रे, रिसालदारसाब! हे तर मैनेचं माप. हे बघा, तिच्या खुराचा चेप. अजून सांभाळून ठेवलंय तुम्ही?”

मी दाराआड सगळं ऐकलं. मैना म्हणजे घोडी, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. मग बाकीचं भराभर उलगडत गेलं. हरभरे, गूळ, पहाटेचं चालवणं, पाऊल हळू करणं, दम ऐकणं, पहिलं पान. ‘पागेत असंच असतं.’ माझ्या कानशिलांत आग झाली. तीन महिने मी देवाचा प्रसाद खाल्ल्यासारखं जे खात होते, ती घोडीची चंदी होती, आणि मला कुणी सून म्हणून नाही, घोडी म्हणून पोसत होतं.

मी फार तापट आहे. दुसऱ्या दिवशी दोन ठोके पडले, मी उठलेच नाही. माप तसंच भरलेलं उंबऱ्यावर राहिलं. फिरायलाही गेले नाही. संध्याकाळी मामंजींनी ते मुकाट्यानं उचललं आणि सकाळी नवीन भरून ठेवलं. दुसरा दिवस तसाच. तिसरा तसाच. ते काही बोलले नाहीत, भिंतीशीसुद्धा नाही. फक्त तिसऱ्या दिवशी तेही जेवले नाहीत.

तेव्हा आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या मैनेवर जळत होत्या, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. नवरा त्यांच्यापेक्षा त्या घोडीपाशी जास्त वेळ असे. मग त्यांनी सांगितलं ते असं. मैना पागेतली सगळ्यांत देखणी घोडी, पण दोनदा गाभ टाकलेली. तिला विकून टाका, असं वरून आलं होतं. मामंजींनी ऐकलं नाही. तिला तयार करतो म्हणाले. वेगळा खुराक, वेगळं माप, सगळ्यांच्या आधी तिची चंदी, पहाटे स्वतः चालवायचं. ती गाभण राहिली आणि या वेळी टिकली. सात महिने झाले आणि पागा मोडायचा हुकूम आला. घोडी धुळ्याकडच्या एका व्यापाऱ्यानं घेतली. मामंजी तिच्याबरोबर पायी मानपूरपर्यंत गेले. तिथून पुढं घाट लागतो. तिचा खुराक त्यांनी कागदावर लिहून व्यापाऱ्याच्या माणसाला दिला. त्या माणसानं कागदात तंबाखू गुंडाळली. परत येताना मामंजींच्या लक्षात आलं की माप खिशातच राहिलं.

“दोन महिने रात्री उठून बसायचे. शिंगरू झालं की नाही, कुणी सांगितलंच नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “अजून मानपूरकडून ट्रक आला की विचारतात. तुझी दुसरी वेळ गेली ना, तेव्हा गच्चीवर जाऊन रडले. मी बघितलंय. मला तर वाटलं होतं त्यांना रडताच येत नाही.”

मी तडक उठले, उंबऱ्यावरचं माप घेतलं आणि तिथंच बसून सगळे हरभरे खाल्ले. दुपारपर्यंत त्यांना वास यायला लागला होता, तरी खाल्ले. मग माप घासून, उन्हात वाळवून ओसरीच्या दाराशी पालथं ठेवलं. सकाळी दोन ठोके पडले.

फाल्गुनाच्या शेवटी सुलोचनाबाईंनी पुन्हा तपासलं. एकशे चार पौंड. रक्त ऐंशी. बाई माझ्याकडे बघून हसल्या. शरीर तयार आहे, आता भिऊ नकोस, असं म्हणाल्या. मी घरी आले ती चालत नाही, उडत. चैत्र लागायला नऊ दिवस होते.

आणि सेक्रेटरिएट परत आलं. टांग्यातून जयसिंगराव उतरले तेव्हा मी खिडकीत होते. मी त्यांना ओळखलं, पण एक क्षण गेला. गाल बसलेले, गळ्याची घाटी वर आलेली, खोकला. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे बघतच राहिले. सहा महिने मी जिची वाट पाहिली होती ती नजर हीच होती, आणि मला पोटभर आनंद होण्याआधीच त्यांना खोकल्याची उबळ आली. कोट झटकताना आत्याबाईंना खिशात तंबाखूची पुडी सापडली. पत्रातलं दूध, पत्रातले हरभरे, सगळं पत्रातच होतं. मेसमध्ये चहा आणि शेव खाऊन माणूस जगला होता. मला वाईट वाटू नये म्हणून तसं लिहिलं, असं ते म्हणाले. मला इतका राग आला होता की मी त्यांच्यासमोर बसून रडले.

मामंजींनी खिशातून डॉक्टरीणबाईंचा कागद काढला. कागदाच्या तळाशी एक ओळ होती, जी वाचून दाखवताना चिरंजीवांनी गिळली होती. नवऱ्यानंही तंबाखू सोडावी आणि सकस खावं. मामंजींनी त्या ओळीवर बोट ठेवून आत्याबाईंना सांगितलं, “याचं अंथरूण ओसरीवर. हा अजून तयार नाही. तीन महिने.”

दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्यावर मापाशेजारी एक वाटीही येऊ लागली. फिरायला मामंजी पुढं, मग जयसिंगराव, मग आम्ही. ऐकायला मजेचं वाटतं. मला नव्हती वाटत. सहा महिने मधे चारशे मैल होते, ते समजण्यासारखं होतं. आता मधे एक भिंत होती, तिच्यापलीकडून त्यांचा खोकला ऐकू येई आणि मी अलीकडे डोळे उघडे ठेवून पडे. जेवताना नजरानजर झाली की त्यांची चोरट्यासारखी खाली जाई. वर जयसिंगरावांची तंबाखू सुटेना. एक चिमूट सापडली की मामंजी आठ दिवस वाढवत. ज्येष्ठापर्यंत मुदत वाढत वाढत दसऱ्यापार गेली. दसऱ्यानंतर दिवाळी, आणि दिवाळीनंतर ग्वाल्हेर. म्हणजे आणखी एक वर्ष. डॉक्टरीणबाई तयार म्हणाल्या होत्या, मी तयार होते, आणि माझे महिने तंबाखूच्या चिमटीनं जात होते.

एका सकाळी आत्याबाईंचे गुडघे धरले होते आणि जयसिंगराव तापानं पडले होते. फिरायला मामंजी आणि मी दोघंच. ते पुढं, मी मागं. नदीकाठी आल्यावर मी ती वीस पावलं चालून टाकली. त्यांच्या मागं दोन हातांवर उभी राहिले. पदर डोक्यावर होता.

“मामंजी, मैना किती दिवसांत तयार झाली होती?”

ते थांबले. वळले नाहीत. समोर भिंत नव्हती, नदी होती. मला वाटलं, आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही.

“सहा महिन्यांत झाली होती,” ते म्हणाले. “मीच थांबलो. म्हटलं, अजून थोडं अंग भरू दे. थोडी थंडी सरू दे. नर दुसरा बघू. असं करत वर्ष गेलं.” त्यांनी काठी जमिनीत रोवली. “तेव्हाच नराकडे सोडली असती तर शिंगरू माझ्या हातावर आलं असतं. पागा होती तेव्हा.”

“मीही तयार आहे, मामंजी,” मी म्हणाले. एवढं बोलून माझं तोंड इतकं तापलं की नदीत बुडवावंसं वाटलं. मी पळत परत वीस पावलांवर गेले.

संध्याकाळी मामंजींनी ओसरीवरचं अंथरूण स्वतः गुंडाळलं आणि आमच्या खोलीच्या दारात नेऊन ठेवलं. मग आत्याबाईंना म्हणाले, मुलाचा ताप उतरला की मानपूरला जायचं, मारुतीकडे, आठ दिवस. मानपुरात बघायला काय आहे, असं आत्याबाईंनी विचारलं. काही नाही, असं ते म्हणाले. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि हसू दाबत गुडघे चोळायला लागल्या. चौथ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. जाताना मामंजी आठ दिवसांचे हरभरे निवडून, फडक्यात बांधून उंबऱ्यावर ठेवून गेले. आत्याबाईंनी नंतर सांगितलं की तिथं ते दिवसभर टपरीवर बसून घाटातून वर येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला थांबवत होते. ठिपका असलेली लाल घोडी, बरोबर शिंगरू. कुणीच पाहिली नव्हती.

त्या आठ दिवसांबद्दल मी काही सांगणार नाही. जयसिंगरावांनी तंबाखू सोडली असंही म्हणणार नाही. पण गादीखाली लपवलेली पुडी त्यांनी स्वतः माझ्या हातात आणून दिली आणि पुढं चोरून खाल्ली तरी सांगून खाल्ली.

दिवाळी झाली, सेक्रेटरिएट गेलं, तेव्हा मला पाचवा महिना सरत होता. तो महिना मी श्वास धरून काढला. दोन ठोके रोज पडत. सहावा लागला त्या सकाळी मापात पाचाऐवजी सात बदाम होते. देवासला माहेरी जायचं मी नाकारलं, रस्ता खडबडीत म्हणून. सुलोचनाबाईंनी येईन म्हणून शब्द दिला होता आणि त्या आल्या. फाल्गुनात, सकाळी साडेसातला, मागच्या खोलीत मला मुलगी झाली. सहा पौंड. रडली ती अशी की ओसरीवर ऐकू गेलं. तार ग्वाल्हेरला गेली. माझा नवरा तिला बघायला महिन्यानं येणार होता आणि मला त्याच क्षणी तो हवा होता, दुसरं कुणी नको होतं.

तेवढ्यात उंबऱ्यावर काठीचे दोन ठोके पडले.

बाळंतिणीच्या खोलीशी सासरे येत नसत. आत्याबाई गडबडून उठल्या, बाळ मी दाखवते म्हणाल्या. मी त्यांना थांबवलं. कुशीवर वळून, हात लांब करून, मी मुलीला उंबऱ्यापलीकडे धरलं. मामंजी खाली बसले. दोन्ही तळवे धोतराला पुसले. मग त्यांनी तिला घेतलं, मानेखाली हात घालून, अगदी बरोबर, आणि तिचे चिमुकले पाय बोटांनी सरळ करून पाहिले. एक, मग दुसरा.

“घोडीचं असतं तर एव्हाना उभं राहिलं असतं,” ते म्हणाले. भिंतीला नाही, आत्याबाईंना नाही, माझ्याकडे बघून. मग त्यांनी तिचे पाय पुन्हा झाकले.

“मैनेचंही राहिलं असेल, नाही का, सूनबाई?”

“राहिलं असेल, मामंजी,” मी म्हणाले.